घरात चणचण, मन कोरडं, आणि तरी द्यायचंय: त्यात आनंद कुठून येणार?

ताई, जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. मिस्टरांचं कंपनीतलं कॉन्ट्रॅक्ट संपलं, सासूबाईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, दोन मुलांच्या फीया, बचत गटाचा हप्ता वेगळा आणि फायनान्सवाल्यांचा वेगळा, आणि हे सगळं तुमच्या एकटीच्या पगारावर. शब्बाथ शाळेपासून (म्हणजे मुलांच्या बायबल वर्गापासून) मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलात पण आता प्रार्थनेला बसलं की तोंडातून शब्द फुटत नाही. त्यात दशांशावर (उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्यावर) संदेश ऐकला, हप्त्याला ठेवलेल्या पैशातून काढून पाकीट भरलं, आणि आनंद सोडाच, घरी येईपर्यंत मुलांवर चिडचिड झाली. म्हणून विचारताय की संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो असं लिहिलंय, मग माझा विश्वास खोटा आहे का.

नाही. खोटा विश्वास असणारा माणूस असा प्रश्न विचारत बसत नाही. मी बरीच वर्षं पाळक म्हणून काम केलंय, आधी नगर-जालन्याकडच्या गावातल्या मंडळ्यांमध्ये आणि नंतर शहरात, आणि कर्जात, आजारपणात, पोर गमावल्यावर लोक देणं कसं देतात आणि देवाशी कसं बोलतात (किंवा बोलणं बंद करतात) हे जवळून बघितलंय. त्यावरून जे मला खात्रीने वाटतं तेच लिहितो.

आधी पैशाचं बोलू कारण तेच मनावर बसलंय. हप्त्याचे पैसे तुमचे नव्हते. ते गटातल्या बाकीच्या बायकांचे होते, कारण तुम्ही चुकलात की त्यांना भरावं लागतं. दुसऱ्याला देणं लागतो त्या पैशातून देवाला अर्पण द्यावं असं पवित्र शास्त्र कुठेही सांगत नाही, उलट मार्कच्या ७ व्या अध्यायात प्रभू येशू अशाच एका प्रकारावर चिडलाय. लोक आईवडिलांना सांभाळायचा पैसा ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेला असं जाहीर करायचे आणि म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडायचे, येशू म्हणाला अशाने तुम्ही देवाचं वचनच रद्द करता. तुमच्या सासूबाईंचं इंजेक्शन, रिक्षाचं भाडं, पथ्याचं जेवण, हे तुम्ही रोज देताय ते देणंच आहे. ते पाकिटात घालून वेदीपुढे नेता येत नाही म्हणून त्याची नोंद मंडळीच्या वहीत होत नाही एवढंच.

आणि दशांश म्हटलं की सगळे मलाखी ३:१० (सगळा दशांश भांडारात आणा) वाचतात, पण अनुवाद १४ शेवटापर्यंत वाचणारे कमी. तिथे दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच ठेवायला सांगितलाय, लेवी (मंदिराची सेवा करणारे, ज्यांना जमीन नव्हती), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी येऊन पोटभर खावं म्हणून. म्हणजे देणाऱ्यांसोबत त्याच्यावर जेवणारेही त्याच नियमात बसलेले होते. आज तुमचं घर त्या जेवणाऱ्यांच्या बाजूला आहे ताई. यात लाज नाही. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला गरिबांसाठी वर्गणी जमा करायला सांगितलं तेव्हाही स्पष्ट लिहिलं की ज्याच्याजवळ जे आहे त्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं, नाही त्याप्रमाणे नाही, आणि दुसऱ्याचं ओझं हलकं व्हावं म्हणून तुमच्यावर ओझं पडावं असा माझा हेतू नाही (२ करिंथ ८:१२-१३). पगारातून घर, औषध आणि हप्ता गेल्यावर जे उरतं त्यातून ठरवा. काहीच उरत नसेल तर काही महिने शून्य, आणि तसं पाळकसाहेबांना सरळ सांगा. चांगला पाळक ऐकून घेतो, आणि बऱ्याच मंडळ्यांत गरजू घरांसाठी थोडाफार निधी असतो, त्याची चौकशी करा.

मोबाईलवर जे लोक विश्वासाचं बीज पेरा, अमुक रक्कम टाका, शंभरपट परत येईल, कर्ज फिटेल, आजार जाईल असं सांगतात त्यांना एक रुपयाही देऊ नका. हे मी फार कळकळीने सांगतोय कारण अडचणीतल्या बायकाच त्यात जास्त अडकतात, मंगळसूत्र गहाण ठेवून पैसे पाठवलेल्या बहिणी माझ्यासमोर बसून रडल्यात. आणि हे लोक गरीब विधवेचा दाखला हमखास देतात, तिने दोन टोल्या म्हणजे एक दमडी टाकली, होतं नव्हतं ते सगळं टाकलं, तुम्हीही टाका. पण मार्क १२ मध्ये ४१ व्या वचनाच्या आधी ४० वं वचन आहे. त्यात येशू शास्त्र्यांबद्दल (धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांबद्दल) म्हणतो की हे विधवांची घरं गिळतात आणि ढोंगाने लांब लांब प्रार्थना करतात. लगेच पुढे ती विधवा येते. मला तरी हे दोन्ही एकत्रच वाचावंसं वाटतं. येशूने तिची दमडी बघितली, बाकी कुणाचं लक्षही गेलं नसतं, तिचं देणं सगळ्यात मोठं आहे असं तो म्हणाला, आणि विधवांची घरं गिळणाऱ्यांना शिक्षा होईल असंही तोच म्हणाला. तिच्या नावाने दुसऱ्या गरीब बाईकडून दमडी काढून घ्यायचा अधिकार त्याने कुणाला दिलेला नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. आनंद कुठून येतो.

यासाठी मी कायम मासेदोनियाच्या मंडळ्यांकडे जातो, २ करिंथ ८. यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौल ठिकठिकाणी वर्गणी गोळा करत होता. मासेदोनिया म्हणजे फिलिप्पै, थेस्सलनीका, बिरुया. या मंडळ्या सुरूच मारहाणीतून झाल्या. फिलिप्पैत पौल आणि सीला यांना फटके मारून तुरुंगात टाकलं, थेस्सलनीकेत यासोनाला घरातून ओढत अधिकाऱ्यांपुढे नेलं. पौल म्हणतो हे लोक संकटात होते, कमालीचे दरिद्री होते, आणि तरी त्यांनी ऐपतीबाहेर दिलं. आणि कसं दिलं, तर पौलाकडे विनवण्या करून, आम्हालाही या कामात भाग घेऊ दे म्हणून. कुणी त्यांच्या मागे लागलं नव्हतं.

या उताऱ्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते क्रम. आनंद त्यांना दिल्यामुळे बक्षीस म्हणून मिळाला असं तिथे लिहिलेलं नाही. आधी देवाची कृपा, मग आनंद, आणि तो आनंद आणि ते दारिद्र्य दोन्ही मिळून उदारता बाहेर पडली. दारिद्र्य संपायची वाट त्यांनी बघितली नाही, आणि ५ व्या वचनात आहे की त्यांनी पैशाच्या आधी स्वतःला प्रभूला दिलं. म्हणजे जी बाई पाकीट भरून घरी येताना चिडली तिच्यात काही कमी आहे असं नाही, तिने उलटीकडून सुरुवात केली. आधी पैसे, मग आनंद यायची वाट. तसा तो येत नाही. पुष्कळांचा येत नाही, ते बोलत नाहीत.

मग स्वतःला द्यायचं म्हणजे काय, ते तर फारच मोठं वाटतं. मी अडचणीतल्या माणसाला नेहमी एकच विचारतो, या संकटाने तुमच्या हातात काय ठेवलंय? कारण संकट नुसतं काढून घेत नाही. त्याच पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल लिहितो की देव आमच्या संकटात आमचं सांत्वन करतो, ते यासाठी की आम्ही दुसऱ्या संकटातल्यांचं सांत्वन करावं, ज्या सांत्वनाने आमचं झालं त्याच सांत्वनाने. माझ्या सगळ्या सेवेत मला याहून उपयोगी वचन सापडलेलं नाही.

तुमचंच बघा. डायलिसिसला एक वेळ साधारण चार तास जातात, तेवढा वेळ तुम्ही बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या असता. त्याच बाकड्यावर कुठल्यातरी गावाहून आलेला एक मुलगा बसलेला असतो ज्याच्या वडिलांचं हे पहिलंच डायलिसिस आहे, आणि त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. तुम्हाला आता सगळं माहितीये. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी ऑपरेशन करून रक्तवाहिन्या जोडलेल्या) हातावर बीपी मोजू द्यायचं नाही, सुई टोचू द्यायची नाही, त्या हाताने जड उचलायचं नाही. पाणी मोजून प्यायचं. अशक्तपणा आला म्हणून लोक प्रेमाने नारळपाणी आणतात पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात द्यायचं नाही. भाजी उकडून पाणी टाकून द्यायचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं तिथे रेशन कार्ड आणि आधार घेऊन जायचं. (तुम्ही स्वतः हे केलंय ना? पत्रात उल्लेख नव्हता. केलं नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी हे करा.) हे त्या मुलाला दहा मिनिटं शेजारी बसून सांगणं, तो चहा प्यायला जाईपर्यंत त्याच्या वडिलांकडे लक्ष ठेवणं, हे दान आहे आणि ते दुसरं कुणीच देऊ शकत नाही. श्रीमंत माणूस तिथे पंख्याचे पैसे देईल, पण हे त्याच्याकडे नाही.

तिथे येशूचं नाव घ्यायची घाई करू नका. बाकड्यावरचा माणूस कोणत्याही धर्माचा असेल, त्याला वाटता कामा नये की मदतीच्या बदल्यात काहीतरी मागणार आहेत. त्याने विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर घरी जाऊन त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा. बऱ्याच वेळा बंद पडलेली प्रार्थना अशीच परत सुरू होते, स्वतःसाठी शब्द येत नाहीत पण त्या मुलाच्या वडिलांसाठी येतात. सगळं गमावलेल्या ईयोबाचंही बघा, त्याची परिस्थिती पालटली ती त्याने मित्रांसाठी प्रार्थना केली तेव्हा (४२:१०), आणि ते मित्र तर त्याला दोष देत आले होते.

पंडिता रमाबाईंचं जीवन मी यासाठी लोकांना पुन्हा पुन्हा सांगतो. दुष्काळात उपासमारीत आईवडील आणि मोठी बहीण गेली. मग १८८० ला भाऊ गेला ज्याच्यासोबत पायी अर्धा देश फिरल्या होत्या. १८८२ ला नवरा पटकीने गेला, पदरात तान्ही मनोरमा. इंग्लंडला गेल्या, तिथे वाँटेजच्या सिस्टर्सनी (ख्रिस्ती संन्यासिनींनी) त्यांना लंडनमधलं फुलहॅमचं घर दाखवलं, जिथे समाजाने टाकून दिलेल्या बायकांना त्या सिस्टर्स सांभाळत होत्या. रमाबाईंनी स्वतःच्या साक्षीत सांगितलंय की अशा बायकांवर कुणी इतकी माया करतं हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, आणि तुम्ही हे का करता असं विचारल्यावर त्यांना योहान ४, येशू विहिरीपाशी शमरोनी बाईशी बोलतो ती गोष्ट, वाचून दाखवली. १८८३ च्या सप्टेंबरमध्ये वाँटेजला त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. एवढी विद्वान बाई, शास्त्रार्थात मोठमोठ्या पंडितांना उत्तर देणारी, तिला ख्रिस्त जवळचा वाटला तो कुणीतरी कुणालातरी देताना बघून. आणि एवढं होऊनही मन लगेच शांत झालं असं नाही, खरी शांती पुढे काही वर्षांनी, भारतात परतल्यावर मिळाली असं त्या स्वतः सांगतात. म्हणजे बाप्तिस्मा झालेला, काम चालू, आणि आत अजून शोध चालू. तुमच्यासारखंच.

पुढे १८९३ ला मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून पुण्यात गहजब झाला, पालकांनी त्यांच्या शारदा सदनातून (विधवा आणि मुलींसाठीच्या शाळेतून) मुली काढून नेल्या. त्यानंतर तीनच वर्षांत मध्य प्रांतात दुष्काळ पडला. दुसरी बाई म्हणाली असती माझंच घर आधी सावरू दे. रमाबाई तिकडे गेल्या, कारण उपाशी पोरीचा चेहरा कसा असतो ते त्यांना स्वतःवरून माहीत होतं, आणि शेकडो मुली-बायका केडगावला घेऊन आल्या. तेच पुढे मुक्ती मिशन. ज्या दुष्काळाने घर संपवलं त्याच दुष्काळाने त्यांच्या हातात ही ओळख ठेवली होती. मी वर जे विचारलं ना, संकटाने हातात काय ठेवलंय, ते मी त्यांच्याकडूनच शिकलो.

आता तुम्ही म्हणाल ते रमाबाई होत्या. बरोबर आहे. म्हणून दुसरं उदाहरण, साध्या घरातलं. मिझोराममध्ये प्रेस्बिटेरियन मंडळीतल्या बायका १९१० पासून एक पद्धत पाळतात, बुहफाइ थाम म्हणतात तिला. रोज स्वयंपाकाला तांदूळ घेतला की त्यातला एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायचा, नंतर ते गोळा करून मंडळीच्या कामाला. पैसा नव्हताच कुणाकडे, पण शिजवायला थोडंतरी असायचंच. एका मुठीने घरातलं कुणी उपाशी राहत नाही, आणि दिवसातून दोन वेळा हात देवाच्या नावाने डब्याकडे जातो. १ करिंथ १६:२ मध्ये पौलाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी थोडं थोडं बाजूला काढून ठेवा म्हटलंय ते याच धर्तीचं आहे. तुम्हाला मला हेच करून बघायला सांगायचंय. रकमेचं पाकीट सध्या बंद, आणि पोळ्या करताना एक जास्तीची पोळी. डायलिसिसच्या दिवशी ती डब्यात घेऊन जा, बाकड्यावर कुणीतरी सकाळपासून न खाता बसलेलं असतंच. मुलांना सांगून करा, पोरं विचारतात आज ती पोळी कुणाला दिली, आणि घरात आजार आणि हप्ता सोडून बोलायला एक विषय होतो. फोटो काढायचा नाही, ग्रुपवर टाकायचा नाही, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये हे प्रभूने उगाच नाही सांगितलं.

आपल्याकडच्या कापणीच्या सणातही मी हे बघितलंय. गावच्या मंडळीत त्या दिवशी लोक ज्वारीची पायली, भोपळा, कोंबडी, अंडी, जे असेल ते वेदीपाशी आणतात आणि उपासना झाली की लिलाव होतो. ज्यांना शेत नाही त्यांनी काय आणायचं? एक मजुरी करणारी म्हातारी दरवर्षी सरवा वेचून आणायची, म्हणजे दुसऱ्याच्या रानात कापणी झाल्यावर पडलेली कणसं, आणि ती ओटीत घेऊन गात गात यायची. तिचा एकुलता मुलगा गेलेला होता, सगळ्या गावाला माहीत होतं. तिच्या त्या चेहऱ्याबद्दल मी तिला एकदा विचारलं तर म्हणाली, साहेब, वर्षभर मी सगळ्यांच्या दारात मागायला असते, आज देणाऱ्यांच्या रांगेत असते. मासेदोनियाचे लोक विनवण्या का करत होते ते मला तिच्यामुळे समजलं. संकट माणसाला नुसतं घेणारा करून ठेवतं, बिचारा करून ठेवतं, आणि देताना तो परत लोकांच्यात येऊन उभा राहतो. आनंद तिथे आहे.

आता याची दुसरी बाजू, आणि ही तुम्हाला जास्त जड जाईल असं पत्रावरून वाटतंय. घ्यायला शिका. मंडळीतल्या बहिणी किराणा आणून देतो म्हणाल्या तर तुम्ही नको म्हणालात असं लिहिलंय. का नको? फिलिप्पैच्या मंडळीने पौलाला तुरुंगात मदत पाठवली तेव्हा त्याने घेतली, आणि तो देवाला मान्य असा यज्ञ आहे म्हणाला (फिलिप्पै ४). तुम्ही नाही म्हटलं की त्या बहिणीचं देणं अडतं. आणि विश्वासाचंही तसंच आहे. मार्क २ मध्ये चौघांनी पक्षाघाती माणसाला छप्पर उसकटून खाली सोडलं, तिथे येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असं लिहिलंय. खाटेवरचा माणूस काही बोललासुद्धा नाही. सध्या तुम्ही खाटेवर आहात, चालेल. मंडळीतली दोन-चार माणसं निवडा, सगळ्यांना नको, आणि सांगा की माझ्याच्याने प्रार्थना होत नाहीये, तुम्ही माझ्या घरी येऊन करा. रात्री काहीच सुचत नसेल तर स्तोत्र १३ मोठ्याने वाचा, आणि अगदीच अंधार असेल तर ८८, ते स्तोत्र अंधारातच संपतं आणि तरी पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे.

मिस्टरांना यात धरा. काय द्यायचं ते दोघांनी मिळून ठरवा, तुम्ही एकटीने परस्पर नको. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक समोर आलेल्या माणसाला हातातलं देऊन मोकळे व्हायचे, आणि चूल कशी पेटवायची ही काळजी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना असायची, मराठी ख्रिस्ती घरात हे सगळ्यांना माहीत आहे. टिळकांवर माझं फार प्रेम आहे पण मी प्रत्येक जोडप्याला लक्ष्मीबाईंच्या बाजूने विचार करायला सांगतो. आणि काम गेलेल्या पुरुषाला आपण घरात निरुपयोगी झालो असं वाटत असतं, त्यामुळे देण्याचं काम त्यांच्याकडेही द्या. मंडळीत खुर्च्या लावणं, एखाद्या म्हाताऱ्या विधवेचं लाईट बिल भरून येणं, शेजारच्या पोरांना गणित शिकवणं, जे जमतं ते. घरातून बाहेर पडलेला माणूस चार जणांना भेटतो आणि कामाचंही तिथेच कुठेतरी कळतं.

एक शेवटचं, आणि हे टाळू नका. तुम्ही लिहिलंय की रात्री झोप लागत नाही आणि कधी कधी वाटतं सगळं संपावं. हे विश्वास कमी पडल्याचं लक्षण नाही, हे आजाराचंही लक्षण असू शकतं आणि त्यावर इलाज आहे. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. आज रात्री परत तसं वाटलं तर सकाळची वाट न बघता तिथे फोन करा आणि मिस्टरांना उठवून शेजारी बसवा. सासूबाईंच्या पुढच्या डायलिसिसला जाल तेव्हा त्याच दवाखान्यात स्वतःसाठीही केसपेपर काढा आणि डॉक्टरांना झोपेचं सांगा, आणि आरोग्यमित्राने योजनेबद्दल काय सांगितलं ते मला कळवा, कागदात काही अडलं तर मी मदत करीन.